कॉन्ज्युगल

"हाच शब्द, सर," भुपेंद्रने कागदावर बोट ठेवलं. "चार ठिकानी आहे."

हिरालाल सरांनी चष्मा लावला. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी कारध्यातली माणसं इंग्रजी कागद त्यांच्याकडेच आणत. भुपेंद्र तर थेट कोंढ्याहून आला होता, धाकट्या बहिणीला, रुपाला, मोटरसायकलवर मागे बसवून.

कोर्टाचा कागद काल टपालाने आला आणि नेमका भुपेंद्रच्या हाती पडला. त्याला त्यातली दोनच नावं लागली, रुपाचं आणि तिच्या नवऱ्याचं. दोन वर्षांपूर्वी रुपाचं वीरेंद्रशी भांडण झालं तेव्हा भुपेंद्रच तिला वरठीहून माहेरी घेऊन आला होता. वीरेंद्र एकदा न्यायला आला, त्याला अंगणातूनच परत पाठवलं. मग तो फिरकलाच नाही. आणि आता एकदम कोर्ट.

"कॉन्ज्युगल म्हणजे वैवाहिक," सर म्हणाले. पण तेवढ्यावर थांबणं त्यांना जमणारं नव्हतं. मूळ लॅटिन शब्द कोन्युगालिस, एकत्र जुंपलेलं असा अर्थ. युगुम म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू, आणि आपला जू हा शब्दही त्याच कुळातला. रोमन लोकांनी तो नवरा-बायकोला लावला.

रुपा पहिल्यांदाच बोलली. "जूले दोन बैल लागते, सर. एक निंगून गेला तं?"

सरांना प्रश्न आवडला. कायदा नेमकं हेच पाहतो, त्यांनी सांगितलं. कारण नसताना जो दूर झाला, त्याला परत ये म्हणून कोर्ट सांगू शकतं.

"अन् त्यानं नाई आईकलं तं?"

मनाला कोर्ट जुंपू शकत नाही, सर म्हणाले. पण निदान विचारलं तरी जातं.

भुपेंद्रला बैलांचं काही ऐकायचं नव्हतं. "म्हंजे तो तिले परत नेऊन राहिला. तुमी उत्तर लिहा सर, माही बहीण येत नाई."

रुपाने भावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

उत्तराला अर्जदाराचं पूर्ण नाव हवं, म्हणून सरांनी पहिलं पान उलगडलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग पेनाला टोपण लावलं.

"भुपेंद्र, उत्तर वीरेंद्रने द्यायचं आहे," ते म्हणाले. "ही नुसती अर्जदाराला आलेली प्रत आहे. अर्ज रुपाने केलाय."