गाडीची जबानी

"शाळेपाशी मीच गाडी चालवत होतो, मॅडम. सायरन चालू होता," हवालदार लंके म्हणाला.

चौकशी अधिकारी वैजयंती खरातला ही कबुली खटकली. धडक बसलेली शिक्षिका अजून शुद्धीवर नव्हती, लंकेची नोकरी जाणार होती, तरी तो घडाघडा बोलत होता.

"त्यानं मान्य केलंय. गाडीची जबानी कशाला?" शेजारी उभे असलेले उपअधीक्षक सरंजामे म्हणाले.

"कायदाच आहे, सर. पोलिसांच्या गाडीनं स्वतः सांगायचं."

तिने ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या त्या जीपला विचारलं, "काय घडलं?"

"लंके चालवत होते. सायरन चालू होता," जीप म्हणाली.

हे पढवलेलं वाटत होतं. वैजयंतीने वेगळंच विचारलं, "मागच्या सीटवर पट्टा कोणी लावला होता?"

जीप म्हणाली, "लंकेंनी."

लंकेने सरंजामेंकडे पाहिलं. "मॅडम, पुढचं जपून विचारा," सरंजामे हळूच म्हणाले.

शिक्षिकेचा नवरा फाटकाशी ताटकळत होता; वैजयंतीने त्याला आत बोलावलं. तो जीपजवळ येईपर्यंत ती थांबली.

"मग स्टिअरिंगवर कोण होतं?"

"सरंजामे साहेब," जीप म्हणाली. "सायरन बंद होता."