एक जूनच्या आत

"काकू, आला का ओटीपी?" सोमलिंगनं तिसऱ्यांदा विचारलं.

विजयमालानं मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बघितला. "न्हाय की."

"कसा न्हाय? दाव हिकडं." तिच्या नवऱ्यानं, अजिनाथनं हात पुढं केला, तोवर मोबाइल पर्सच्या तळाशी गेला होता.

"रेंज न्हाय हितं," ती म्हणाली.

नव्या पेठेत, कापडाच्या दुकानावरच्या माडीत सोमलिंगचं विम्याचं ऑफिस. वर पत्रा, बाहेर मे महिना. पंखा होता, पण तो गरम हवाच सगळ्यांना सारखी वाटून देत होता. विजयमाला-अजिनाथचा एकुलता एक मुलगा ऋतुराज जर्मनीत नोकरीला. सुनेचं बाळंतपण ऑगस्टात. त्यासाठी विजयमालानं जुलैत जायचं होतं, आणि व्हिसाच्या फायलीत प्रवासाचा विमा लागत होता.

"काका, एक जूनच्या आत उरकून घ्या," सोमलिंग म्हणाला. "एक तारखेला काकूंना साठ पूर्ण होतात. त्यानंतर अर्ज भरला तर कंपनी तपासणी मागते. रक्त, ईसीजी, डॉक्टरांसमोर जायचं. कशाला त्या भानगडीत पडता?"

खरं तर विजयमाला जन्मली ज्वारीच्या काढणीत. पण करमाळ्याकडच्या शाळेत मास्तरांनी अख्ख्या वर्गाचीच एक जून लावून टाकली होती. सगळा वर्ग एकाच दिवशी म्हातारा होणार होता.

"काही आजार वगैरे, काकू?"

"तिला काय धाड भरलीय!" अजिनाथ म्हणाला.

विचारणाऱ्यानं तिच्याकडं बघायचं आणि उत्तर अजिनाथनं द्यायचं, हे छत्तीस वर्षं चाललं होतं. बँकेत, दवाखान्यात, बांगड्यांच्या दुकानातसुद्धा. एकटी म्हणून ती कोपऱ्यावरच्या गिरणीपलीकडं कधी गेली नव्हती. माणूस वाईट नव्हता. फक्त तिला सुटी कधी सोडत नव्हता.

"तपासणीला बाई डॉक्टर असती का?" तिनं विचारलं.

"असते. पण तुम्हाला लागणारच नाही ना."

त्या दिवशी ओटीपी काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सोमलिंग स्वतः कागद घेऊन घरी आला. विजयमालानं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"आज मंगळवार. मंगळवारी मी कशावर सही करत न्हाय."

"कवापासनं?" अजिनाथ ओरडला.

"आजपासनं."

सोमलिंगनं हसू दाबत पाणी पिऊन घेतलं. अजिनाथला हसू आलं नाही. त्यानं तिथल्या तिथं ऋतुराजला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, खरं सांग, तुला यायचंच नाहीये का?"

तिनं मोबाइल लांब धरून पडद्यावरच्या पोराकडं बघितलं. त्याच्यामागं पाचव्या मजल्यावरची बंद खिडकी होती.

"तिथं दारात उभं राहून कुणाशी बोलायचं रे?" एवढंच ती म्हणाली. फोन अजिनाथनं ओढून घेतला.

शेजारच्या बजाबाईला भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. संध्याकाळी ती कट्ट्यावर येऊन टेकली.

"जाऊ नगंस. माझी जाऊ गेलती पोराकडं. सा म्हयनं भांडी घासली आन् बर्फ बघितला. हितं एकच म्हातारा सांभाळतीस, तितं पाच जणांचा सयपाक." मग तिनं आवाज खाली आणला. "आन् त्या तपासणीत नापास हो की! चार दिस आमरस हाण, साखर जाती वर. डॉक्टरच म्हनंल, न्हाय जमायचं."

"बघू," विजयमाला म्हणाली.

"लई बेरकी हायस गं तू."

तीस तारखेला पासपोर्ट गायब झाला. अजिनाथनं कपाट उपसलं, गादी उलटी केली, बायकोच्या माहेरच्यांचा उद्धार केला. सोमलिंगचे फोनवर फोन. एकतीसला रात्री अजिनाथ दमून खुर्चीत बसला. ती त्याला ताक देऊन भाकरी थापायला गेली.

दोन जूनला पासपोर्ट गव्हाच्या कोठीत सापडला.

"गव्हात पासपोर्ट कोन ठिवतं?"

"कसर लागू नये म्हणून ठिवला आसंल."

"मला समदं कळतंय," अजिनाथ म्हणाला. "तुला नापास व्हायचंय. घरात बसायचंय. पोराचं वाटोळं झालं तरी चालंल तुला!"

ती पाट्यावर लसूण-मिरची वाटत राहिली.

पाच तारखेला तपासणी. अजिनाथ सकाळपासून बरोबर. रक्त काढताना समोर, ईसीजीच्या पडद्याबाहेर उभा. "हिला बीपीची गोळी लागत न्हाय," हेही नर्सला त्यानंच सांगितलं. शेवटची खोली डॉक्टर दानेश्वरींची. तिथंही तो पुढं घुसला.

नर्सनं हात आडवा केला. "काका, लेडीज तपासणी आहे. बाहेर बसा."

"आवो, पण तिला काय सांगता येत न्हाय..."

दार लागलं.

डॉक्टरांनी बीपी बघितलं, पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि हसल्या. "सगळं चांगलं आहे की. पण तुमचे मिस्टर बाहेर सांगत होते, काकूंना जायचंच नाहीये, म्हणून नापास व्हायला आल्यात. खरं का?"

"न्हाय वो." विजयमाला उठली. दाराची कडी तिनं आतून लावली, परत येऊन बसली आणि पदराची पिन काढायला लागली. पिन निघता निघेना. "जायाचं हाय की मला. नातवाला अंगाखांद्यावर खेळवायचं हाय. ते विम्याचं ऱ्हाऊ द्या, बाई. आदी हितं हात लावून बघा. दिवाळीपासनं गाठ हाय."