पाटीतला झेंडू

बाळकुमला नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर भला मोठा बोर्ड रंगत होता आणि बोर्डावर मनुबाई कोळीण हसत होती. दोन पुरुष उंच. अंगावर सगळे दागिने, कमरेवर टेकलेली पाटी, पाटीत चकचकीत पापलेटं. बोर्डाखाली खरी मनुबाई तीच पाटी घेऊन बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "ती मीच हाय."

बोर्डासाठी फोटो काढू द्यायचा तिने पैसा घेतला नव्हता. सबनीससाहेबांनी शब्द दिला, तेवढा तिला पुरला. हे सबनीस बिल्डरकडे जाहिराती लिहायचे, फ्लॅटचं बुकिंगही तेच बघायचे. "मावशी, बिल्डिंगी उभ्या राहिल्या की गेटजवळची ही जागा तुमची. घरोघरी मासळी तुम्हीच द्यायची." शिवाय मोरूला, तिच्या थोरल्याला, वॉचमन म्हणून लावून घेतलं. पूर्वी याच जागेवर तिची सासू बोंबील वाळवायची. आता आणखी काय हवं होतं?

दसऱ्याचं बुकिंग तोंडावर आलं होतं, लोक आधीच बघून जात होते. सबनीस ऑफिसातून बाहेर आले, कमरेवर हात ठेवून बोर्डाकडे बघत राहिले आणि परांचीवरच्या पेंटरला म्हणाले, "भगवान, ते मासे काढ. फुलं घाल तिथे. झेंडू, अबोली, काय ती."

"साहेब, मासे झकास जमलेत."

"जमलेत रे. पण काल दोन पार्ट्या मासे बघूनच परत गेल्या. लोकांना चित्रातूनपण वास येतो. आपल्याला काय आवडतं ते नाही दाखवायचं, गिऱ्हाइकाला काय हवंय ते दाखवायचं."

हे कोण बोलतंय, तर ज्याच्या घरी पापलेट नसेल तर रविवार सुना जातो तो माणूस. आज सकाळीच मनुबाईने दोन मोठी पापलेटं केळीच्या पानात बांधून त्यांच्या टेबलापाशी पोचवली होती. प्रेमाने.

भगवानने ब्रश बुडवला. एकेक पापलेट पिवळ्या रंगाखाली गेलं. मनुबाई मान वर करून बघत होती.

"साहेब, मंग मी काय इकू?"

सबनीस कधी आवाज चढवत नसत. गिऱ्हाइकाशी गोड बोलायची सवय लागली की सगळ्यांशीच लागते. "मावशी, तुमचा चेहरा बोर्डावर आहे. अख्ख्या बाळकुमात आणखी कुणाचा आहे? आता तुम्ही मासळी घेऊन इथे बसलात तर लोक वर बघणार, खाली बघणार. बरं दिसतं का ते?"

"तुमी शब्द दिल्ता."

"दिला होता ना. जागा तुमचीच आहे. फुलं घेऊन या, खुशाल बसा." मग हळूच म्हणाले, "माझी पापलेटं मात्र मागच्या दाराने देत जा."

तेवढ्यात एक पांढरी मारुती वळली. सबनीसांनी शर्ट सारखा केला. "मोरू, पार्टी आली. हे हलव."

हे म्हणजे आई. मोरू जागचा हलला नाही. सबनीसांनी त्याच्या युनिफॉर्मकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. मोरू वाकला.

"आये, ऊठ."

"तू बोलतंस?"

"ऊठ ना. बाकीचं घरी बोल."

त्याने पाटी उचलून रस्त्यापलीकडे गटाराच्या कडेला नेऊन ठेवली. मनुबाई मागोमाग गेली. तिने पाटीवर फडकं ओढलं आणि बसली. मोरू परत आला, नळावर साबणाने हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. मग गेट उघडलं.

गाडीतून उतरलेल्या बाई बोर्ड बघून खूश झाल्या. "किती गोड हसतेय, नाही? खरी आहे का हो कुणी?"

"छे हो, मॅडम. आमच्या पेंटरची कल्पना," सबनीस म्हणाले.

बाईंची नजर रस्त्यापलीकडे गेली. "आणि ती कोण बसलीय रे? मासळीवाली तर नाही?"

विचारलं मोरूला होतं. त्याने ओले हात मागे बांधले.

"नाय म्याडम," तो म्हणाला. "फुलवाली हाय."