एकसष्टाव्या पानावरची सही

चित्रातल्या झडपेला सावली दाखवण्यासाठी बारीक रेघा मारल्या होत्या. प्रत्येक रेघ डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे खाली उतरत होती. जॉयस तानाबेनं त्यांच्यावरून भिंग सावकाश फिरवलं आणि वही टेबलावर व्हर्नाकडे वळवली.

"उजव्या हाताच्या माणसाची रेघ उलट तिरकी पडते," ती म्हणाली. "एलिस प्रॅदरची बाकीची दीडशे पानं बघा. हे एकसष्टावं पान तेवढं वेगळं आहे."

व्हर्ना लिडस्ट्रॉमनं पानाकडे बघितलं नाही. तिला ते पाठ होतं.

जॉयस सॅन होजेच्या संग्रहालयातून व्हर्नाच्या वृद्धाश्रमातल्या खोलीवर आली होती. शनिवारी तिथे जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांचं दालन उघडणार होतं. शहात्तर साली सनीव्हेलच्या एका कारखान्यानं खेळ बदलता येईल असं यंत्र काढलं. खेळाची डबी खाचेत सरकवायची, कंटाळा आला की दुसरी घालायची. पण गालिच्यावरून चालत आलेल्या पोरानं खाचेला बोट लावलं की स्थिर विजेची ठिणगी उडायची आणि आतली चिप जळायची. आपोआप मिटणाऱ्या एका छोट्या झडपेनं ते यंत्र वाचवलं. दालनातल्या पाटीवर त्या झडपेखाली कारखान्यातला इंजिनियर प्रॅदर याचं नाव येणार होतं. पाटी कोरणाऱ्याला आज पाचपर्यंत शेवटचा शब्द हवा होता.

"क्रमांक घातलेल्या वह्या फक्त इंजिनियरांना मिळायच्या ना?" जॉयसनं विचारलं.

"हो. आम्ही बाकावर बसून सुटे भाग जोडणाऱ्या बायका. आम्हाला सोल्डरिंगची कांडी मिळायची." व्हर्ना किंचित हसली. "काही सुचलंच तर साहेबाच्या वहीत काढून दाखवायचं."

"आणि पानाखाली दोन सह्या. एक शोधणाऱ्याची, एक साक्षीदाराची. 'वाचलं आणि समजलं.'" जॉयसनं भिंग खाली नेलं. "इथे शोधणारा प्रॅदर, साक्षीदार तुम्ही. दोन्ही सह्या एकाच शाईत आहेत."

"पेन त्याचं होतं."

दार न वाजवताच शेजारच्या खोलीतला बर्ट फेन आत आला. त्याच्या हातात जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी होती.

"काय गं व्हर्ना, झालीस का प्रसिद्ध?" तो जॉयसकडे वळला. "चार वर्षं झाली हिच्याशी पत्ते खेळतोय. डाव्या हातानं पानं अशी वाटते की कळतच नाही कधी लुबाडलं ते!"

"तू हरायलाच जन्मलायस, बर्ट. बरणी ठेव आणि नीघ."

"शनिवारी आम्ही अख्खा मजला टाळ्या वाजवायला येतोय," असं म्हणून तो गेला.

 जॉयसची नजर व्हर्नाच्या डाव्या हातावर होती. त्याच हातानं व्हर्नानं मघाशी कॉफी ओतली होती, मुलाखतीच्या कागदावर सही केली होती. उजवा हात मांडीवर स्वस्थ होता.

"प्रॅदरनं हे काढलेलं नाही," जॉयस हलकेच म्हणाली.

"नाही," व्हर्ना म्हणाली. हा शब्द उच्चारायला तिला अठ्ठेचाळीस वर्षं लागली होती.

"मग तुम्ही सही का केलीत?"

"त्याला साक्षीदार हवा होता. पुढच्या महिन्यात मला बाकावरून उठवून सुपरवायझर केलं."

"तोंड बंद ठेवायचं बक्षीस."

"तसंच म्हणा."

"तुम्हाला लाज वाटायचं काही कारण नाही, बाई. लाज त्याला वाटायला हवी होती."

 ही पोरगी किती मायेनं बोलत होती. ती जितकी मायेनं बोलायची, तितकं व्हर्नाला आत काहीतरी टोचायचं.

भिंतीवरच्या फोटोपाशी जॉयस उभी राहिली. एका लांब बाकापाशी दोन तरुण बायका, दोघींच्या डोक्याला रुमाल. "उजवीकडच्या तुम्ही. आणि ही टोकाची?"

"लुपे. तिनंच मला कांडी धरायला शिकवलं. आधी ती माझ्या उजवीकडे बसायची. दिवसभर कोपराला कोपर लागायचं, म्हणून मग डाव्या टोकाला गेली."

"फारच दाटी असणार."

"दाटी नव्हती," व्हर्ना म्हणाली. जॉयसनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिचं लक्ष फ्रिजवर लावलेल्या नाताळच्या कार्डांकडे गेलं होतं. सगळ्यांवर गिलरॉय गावच्या टपालाचा शिक्का होता. लुपेकडून दरवर्षी एक यायचं. व्हर्नानं एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

साडेचार झाले. जॉयसनं फोन काढून टेबलावर ठेवला.

"मी आत्ता पाटीवाल्याला फोन करते. प्रॅदरचं नाव काढायचं, तुमचं घालायचं. तुम्ही फक्त हो म्हणा."

नुसतं हो म्हणायचं होतं. प्रॅदर कधीच गेला होता. बर्टनं टाळ्या वाजवल्या असत्या. या इमारतीत कुणाला वेगळं काही ठाऊक नव्हतं. व्हर्नानं डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात उचलला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा टेबलावर, त्या सहीशेजारी ठेवला. बोटं अर्धवट मिटलेलीच राहिली.

"सहा वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा हा गेला," ती म्हणाली. "तोवर मी सगळं याच हातानं करायचे, जॉयस. पाटीवर लुपे आरेदोंदो लिहा. ती डाव्या हातानं ही रेघ मारत होती तेव्हा मी शेजारीच बसले होते."