लग्नाची टोपी

"आई, दार उघड. मी आहे, रादोख्ना."

तटापलीकडून लेकीचा आवाज आला आणि दोब्रावाने हातातली उकळत्या पाण्याची बादली खाली ठेवली. गढीच्या सरदाराची पोलिश फौज विस्तुला नदीवर कापली गेली होती. लाकडी गढीत उरले होते तेरा पुरुष आणि पोराबाळांसकट पन्नासेक बायका. रादोख्ना मात्र बाहेर अडकली होती. लग्नाच्या टोपीला झालर लावून आणायला ती आत्याकडे गेली आणि दुसऱ्याच दिवशी तातार आले. येत्या रविवारी तिचं पाकोस्लावशी लग्न होतं.

पाकोस्लावने अडसराला हात घातलासुद्धा. दोब्रावाने फटीतून पाहिलं. लेक पुढे, मागे शाली गुंडाळलेल्या दहा-बारा बायका, आणि दूर धुळीत त्यांच्या पाठलागावर घोडेस्वार. लेकीच्या डोक्यावर ती नवी पांढरी टोपी होती.



"अडसराला हात लावू नकोस," ती म्हणाली.

"मावशी, तुमच्या पोटची पोर आहे ती!"

ती सरळ अडसरावर आडवी पडली. पाकोस्लावने तिचा दंड धरून ओढलं. बायकांनी तिला कैदाशीण म्हटलं. माणूस घाबरला की शहाणपण सुचत नाही, शिव्या मात्र पटापट सुचतात. बाहेर रादोख्ना हाका मारतच होती आणि दोब्रावा दातावर दात धरून त्या ऐकत होती.

मग हाका थांबल्या. शाली खाली पडल्या आणि त्यांतून दाढ्या निघाल्या, वाकड्या तलवारी निघाल्या. त्यांच्या वाराने रादोख्ना दारातच मरून पडली होती.

वरून दगड, बाण, उकळतं पाणी, हाताला लागेल ते सगळ्यांनी फेकलं. दार काही हललं नाही. दुपारपर्यंत तातार कंटाळून दुसरीकडे वळले.

दार उघडल्यावर पाकोस्लाव रादोख्नापाशी गुडघ्यांवर बसला. त्याने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"ही टोपी लग्न लागल्यावर आई लेकीच्या डोक्यावर घालते. त्याआधी आपल्याकडची कुठलीही मुलगी मेली तरी ती डोक्याला लावत नाही. तातारांना त्यातलं काय कळणार? ती आपल्या हाताने घालून आली, तेव्हाच मला कळलं, दार उघडू नका म्हणतेय."

दोब्रावाने टोपीवरचा चिखल झटकला. लेकीची वेणी नीट आत सारली आणि हनुवटीखाली बंद बांधले.

"आता मी घातली," ती पाकोस्लावला म्हणाली. "ऊठ, बायकोला घरात ने."