विमानवेड्याची संगत

रिमोटवर उडणाऱ्या माझ्या विमानाच्या पंखांवर लाल प्लॅस्टिकची पातळ फिल्म इस्त्रीनं चिकटवायची होती. त्यासाठी वेगळी छोटी इस्त्री मिळते. पण अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचे इतके लाड कशाला, म्हणून मी घरचीच घेतली. पंख असा तुकतुकीत झाला, की मीच मला शाबासकी दिली. त्याच आनंदात, त्याच इस्त्रीनं, मंदाची पांढरी नऊवारी कडक करायला घेतली. संध्याकाळी देवळात तिचं पहिलंवहिलं कीर्तन होतं आणि साडी तिच्या गुरुमाईंनी दिलेली.

पदरावर तळहाताएवढा लाल डाग उमटला. फिल्मचा रंग इस्त्रीच्या तळाला लागला होता.

"अहो, निदान विमान तरी उडेल ना?" एवढंच म्हणून ती रडू दाबत आत गेली. मी आपला बैल गेल्यावर झोपा करावा तसा थिनरनं इस्त्री पुसत बसलो.

संध्याकाळी देवळात पूर्वरंगाला तिनं संगतीचा महिमा घेतला. दोनच वाक्यांत आवाज कापरा झाला, पुढचं आठवेना. मी डोळे मिटून देवाचा धावा केला. उघडले, तर तिनं खोचलेला पदर सोडून डाग सगळ्यांपुढे धरलेला.

"मंडळी, इस्त्री काही वाईट नव्हती हो. दुपारभर एका विमानवेड्याच्या संगतीत होती!"

सगळं देऊळ हसलं. तिचा गळा मोकळा झाला.

"कोण हो हा विमानवेडा?" शेजारच्या केतकरांनी विचारलं.

"असेल कुणीतरी," म्हणत मी टाळीसाठी हात वर केले. दहाही बोटं लाल होती.