दरबारातल्या सारंग्या

पंखवाला राजा झालेला इंद्रनील तारांना लटकून खदाखदा हसत होता, पण सेटवर सारंगी रडू लागली.

संगीतकार शाल्मली दचकली. हल्ली पार्श्वसंगीत कॅमेराच वाजवायचा. चौकटीतल्या माणसाचं पुढच्या काही क्षणांत काय होणार, हे ओळखून तो सूर लावायचा. सारंगी तिने फक्त मरणासाठी राखून ठेवली होती.

"मोकाशीसर, इंद्रनीलला खाली घ्या! तार तुटेल त्याची!"

"उतरतोच आहे तो. आणि ऐक जरा, हसणारा राजा, रडणारी सारंगी! आपल्याला सुचलं असतं का हे?" दिग्दर्शक मोकाशी भलतेच खूश होते.

राजा अलगद दरबारात उतरला. शाल्मलीने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच्या मागोमाग कॅमेरा खाली आला आणि चौकटीत सगळे दरबारी आले. सारंगीला दुसरी सारंगी येऊन मिळाली, मग तिसरी. बघता बघता शेकडो सारंग्या एकदम रडू लागल्या.

शाल्मलीने वर पाहिलं. लोखंडी सांगाड्यावरचं रंगवलेलं आकाश कलत होतं.

"पळा!" ती किंचाळली.

कुणीही हललं नाही. शॉट चालू असताना फक्त दिग्दर्शकाचंच ऐकायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दरबारी मोकाशींच्या ‘कट’ची वाट पाहत राहिले आणि मोकाशी डोळे मिटून सारंगी ऐकत होते.